डोहातल्या वाकळा

बाई,

लोक तुझी गोष्ट आता डोहापासून सुरू करतात. मी तिथून करणार नाही. आपल्या घरी जाळं होतं आणि मासळी नव्हती, तिथून करतो.

बा सकाळी जाळं घेऊन जायचा आणि ओलं जाळं घेऊन परत यायचा. टोपलीत मूठभर झिंगे, नाहीतर बोटाएवढे काटवे. ढिवराच्या घरात हे सांगायचीही लाज. शेवटी त्याने जाळं आढ्याला टांगलं आणि मूलच्या राईस मिलमध्ये पोती उचलायला गेला. तिथला कोंडा त्याच्या छातीत बसला तो त्याच्याबरोबरच गेला. माय गावोगाव टोपली घेऊन फिरायची, दुसऱ्यांकडून घेतलेल्या मासळीच्या बदल्यात तांदळाची कनकी आणायची. कनकीचा भात गरम असेपर्यंत भात असतो, थंड झाला की चिकटून लगदा होतो. तू मला गरम असतानाच वाढायचीस आणि स्वतः लगदा खायचीस. वर म्हणायचीस, मले थंडाच आवडते.

तू सासरहून परत आलीस तेव्हा मी शाळेत होतो. का आलीस ते तू सांगितलं नाहीस, मायने विचारलं नाही आणि मलाही कधी विचारता आलं नाही. आलीस, आढ्यावरचं जाळं काढलंस, फाटलेलं विणलंस आणि नदीवर गेलीस. बाईमाणसाने जाळं टाकलेलं गावाने पाहिलं नव्हतं. तू म्हणालीस, पाहून घ्या मंग.

तुझ्या त्या जाळ्यावर मी शिकलो. मूलच्या कॉलेजातून बी.ए. झालो, आपल्या घरातला पहिला. हे मी ताठ मानेने सांगतो आणि तू तर माझ्यापेक्षा जास्त सांगायचीस. बाजारात गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की म्हणायचीस, "माहा भाऊ बीए हाय, भाव कमी होणार नाई." बीएचा आणि मरळीच्या भावाचा काय संबंध ते कुणी विचारायचं नाही. घरी मात्र मला नावाने कधी हाक मारली नाहीस. "ओ बीए, पाणी आन." "बीए, कोंबड्या कोंड."

आता तशी हाक मारणारं कोणी नाही. घरात माझं नाव आहे, कचेरीत आडनाव आहे. बीए तुझ्याबरोबर संपला.

त्या उन्हाळ्यात कहूडोहात कमरेएवढंच पाणी राहिलं होतं. अर्जुनाच्या झाडांना आपण कहू म्हणतो, ती काठाने उभी आहेत म्हणून कहूडोह. म्हातारे सांगायचे की एकावर एक बांबू जोडले तरी तळ लागत नव्हता. आम्ही हसायचो. आमच्या डोळ्यांदेखत तिथे बैल बसत होते.

तुझं जाळं कशाला तरी अडकलं. जड लागलं म्हणून तुला वाटलं वाम असेल, नाहीतर मोठी मरळ. तू हाका मारून मला बोलावलंस. आपण दोघांनी ओढलं आणि वर आली वाकळ. चिखलाने भरलेली, दोन माणसांना न उचलणारी. मी सोडून द्यायला निघालो होतो. तू ती वाळूवर पसरलीस, हाताने चिखल पुसलास आणि एका तुकड्यावर बोट ठेवून म्हणालीस, "हे सीताकाकूची हाय. हा हिरवा काठ तिच्या लग्नाच्या लुगड्याचा. मी शिवाले बसली होती तिच्यासंग."

सीताकाकू जाऊन किती पावसाळे झाले होते.

आपल्याकडे माणूस गेलं की त्याची वाकळ, त्याचे कपडे, कधी अख्खी बाज नदीत सोडतात. मेलेल्याची वस्तू घरात ठेवायची नाही. नदी नेते, असं आपण मानत आलो. ती नेत नव्हती. सीताकाकूच्या वाकळेखाली दुसरी होती, तिच्याखाली तिसरी. कहूच्या मुळ्यांत गुंतलेल्या, डोहाच्या तोंडाशी एकमेकींत अडकलेल्या. दर पुरात त्यांच्यावर गाळ बसत गेला होता आणि वाळू साचत गेली होती. पाणी आत शिरायलाच जागा नव्हती, मासळी कुठून शिरणार?

त्या दिवशी तू जेवली नाहीस. मायला म्हणालीस, "नदीच्या नरड्यात अख्खं गाव अडकलं हाय."

तू बचत गटाच्या बायकांना वाकळा काढू म्हणून सांगितलंस. सगळ्यांनी मान डोलावली आणि कोणी आलं नाही. मेलेल्याच्या कपड्याला कोण हात लावणार? पहिली आली ती बौद्ध मोहल्ल्यातली निर्मला. म्हणाली, आमी विटाळ मानत नाई, चल. तुम्ही दोघी उतरलात. मग दोघींकडे बघत काठावर उभ्या राहिलेल्या बायका एकेक करून लुगडं खोचून आत आल्या. बाहेर काढलेली वाकळ वाळूवर पसरायची आणि विचारायचं, ही कोणाची? कोणीतरी शिलाई ओळखायचं, कोणीतरी पोलक्याचा तुकडा. नाव घेतलं जायचं. एका लेकीने आपल्या आईची ओळखली आणि तिथेच वाळूवर बसून रडली, जणू माणूस आजच गेलं. मग सुकवून जाळायची. गावातल्या बायकांनी आपल्या मेलेल्या माणसांना असं दुसऱ्यांदा जाळलं. हे ज्यांनी पाहिलं नाही त्यांना मी कितीही लिहून समजणार नाही.

पानठेल्यावरचे रिकामे पुरुष काठावर येऊन बसायचे. त्यातला एक म्हणाला, मुडद्याचे कपडे काढून बाजारात इकतील ह्या. तू पाण्यातूनच म्हणालीस, "तुह्या मापाचा सदरा सापडला तर आधी तुले आणून दाखवीन. घालून पाह्यजो, बसते का."

त्या वाकळांना वास किती यायचा, बाई. घरी आलीस तरी तुझ्या केसांना असायचा. त्या वासावर इलाज म्हणून तू तंबाखू-सुपारीचा खर्रा तोंडात धरायचीस. आधीही खायचीस, गडचिरोली-चंद्रपुरात कोण खात नाही, पण आधी जेवणानंतर एक असायचा. नदीत उतरलीस तेव्हापासून गालात तो कायमचाच राहिला. मी म्हणायचो, तोंडाला फडकं बांध. तू म्हणायचीस, फडकं बांधलं तर शिव्या कशा देऊ? मी भांडायचो, पुड्या फेकून द्यायचो, तू नव्या आणायचीस. त्या भांडणात मी बरोबर होतो. बरोबर असून काय मिळालं ते आता काय सांगू.

डोह मोकळा व्हायला कितीतरी उन्हाळे गेले. आणि ग्रामसभेत नियम झाला तो तुझ्यामुळे: डोहात वाकळ नाही, कपडे नाहीत, बाज नाही आणि राखही नाही. राखेवरून गाव चिडलं. राखेने काय डोह भरतो? तू उभी राहून सांगितलंस, राखेमागं गाठोडं येते. आज राख, उद्या राखेसंग नारळ, परवा नारळासंग लुगडं. तू म्हणालीस ते खरं होतं, हे सगळ्यांना माहीत होतं.

नियमानंतर पहिले गेले ते तुळशीराम भाऊंचे वडील. तुळशीराम भाऊ म्हणजे गावातली मोठी धानाची शेती. सगळं गाव बघत होतं. भाऊंनी राख सावडली आणि स्वतःच्या शेताच्या बांधावर, धुऱ्यावर, नेऊन टाकली. म्हणाले, बापाची राख बापाच्या शेतात, यापरीस चांगलं काय? गावाने वाहवा केली. तू घरी येऊन रडलीस, आनंदाने. मला वाटलं, आता झालं.

मग माय गेली.

आपलं ते भांडण मी शब्दाशब्दाने लिहितो, कारण ते अजून संपलेलं नाही. राख सावडून आपण आंगणात बसलो होतो. मायची राख लोट्यात होती, लोट्याला फडकं बांधलेलं. मी म्हणालो, डोहात टाकू. तू नाही म्हणालीस.

"तुळशीराम भाऊले धुरा हाय," मी म्हणालो. "आपल्याले कुठी हाय? माय जनमभर नदीवर जगली. तिले दुसरी जागा कोणती?"

"नियम म्या केला. माह्या मायसाठी तोडला तर उद्या कोण ऐकन?"

"नियम तू शेतवाल्याईसाठी केला. ढिवराचं शेत म्हनजे नदीच होती. तेच तू काढून घेतली."

 तुझ्या गालात खर्रा होता आणि तू तो चावायची थांबली होतीस, एवढं मला आठवतं. मग उठलीस, लोटा उचललास आणि म्हणालीस, चाल, वैनगंगेले जाऊ.

गेलो. मूलला गाडी बदलली. लोटा तुझ्या मांडीवर, पदराखाली. कंडक्टरने विचारलं, दही हाय का तूप? सांडलं तर सीट भरून द्या लागन. तू म्हणालीस, माय हाय. तो बिचारा पुढच्या तिकिटांकडे गेला, परत आपल्याकडे फिरकला नाही. तू खिडकीकडे तोंड करून हसत होतीस, आणि हसता हसता तुझे खांदे हलायला लागले ते हसण्याने नव्हे.

वैनगंगेत उतरून तू लोटा उपडा केलास. पाणी लांबपर्यंत राखाडी झालं. मला राहवलं नाही. मी म्हणालो, "आपली नदी साफ ठेवाची आन दुसऱ्याच्या नदीत टाकाची, हे कोणतं शहाणपण हाय बाई?"

"हे मोठी हाय. इले चालते."

"आपली नदी शेवटी कुठी जाते? इथीच ना?"

तू पाण्यात उभी होतीस. लोटा खंगाळलास, पुन्हा खंगाळलास. मग म्हणालीस, "याचं उत्तर मी तुले देतो. आता नाई." तू माझ्याशी बोलताना पुस्तकातल्या बायकांसारखं देते-घेते कधी म्हणाली नाहीस, देतो-घेतोच म्हणायचीस, आपल्याकडच्या सगळ्या बायका म्हणतात तसं. त्या दिवशी ते ऐकून वाटलं होतं, खरंच देशील.

मायची वाकळ तू नदीत टाकली नाहीस आणि जाळलीही नाहीस. मोठ्या गंजात उकळलीस, कहूच्या फांदीवर वाळवलीस आणि स्वतः पांघरलीस. शेजारणींनी पाणी प्यायला यायचं बंद केलं. म्हणायच्या, शेवंता मेलेल्याच्या वाकळीत निजते. तू म्हणालीस, जित्तेपनी तिच्या कुशीत निजत होती तेव्हा कोणी काही म्हटलं नाई. हळूहळू परत यायला लागल्या. एकीने तर सासूची वाकळ उकळायला तुझाच गंज मागून नेला.

मी मात्र तुझ्या उत्तराची वाट पाहत राहिलो. अधूनमधून टोचायचो. काय बाई, झालं का उत्तर तयार? तू म्हणायचीस, बीए तू हायस, तूच काढ. पण तुझ्या मनात ते चालू होतं हे मला कळायचं. ग्रामसभेत तू दोनदा विषय काढलास की ज्याला शेत नाही त्याच्या राखेचं काय. दोन्ही वेळा चहा आला आणि विषय गेला.

आणि मग तुझं तोंड उघडेनासं झालं.

आधी म्हणालीस, तिखट लागते. मग भाकर मऊ करून खायला लागलीस. मग कनकीचा लगदा. तोच लगदा, बाई, या वेळी तुला खरंच थंडच लागायचा. चंद्रपूरला नेलं, तिथून नागपूरला. डॉक्टरांनी दोन बोटं तोंडात घालून बघायचा प्रयत्न केला आणि एकच गेलं. पुढचं मी लिहीत नाही. ज्या बाईच्या शिव्या नदीच्या पलीकडे ऐकू जायच्या ती शेवटचे महिने हाताने बोलली. पाणी हवं तर अंगठा. माशा हाकलायच्या तर पंजा. माझ्यावर चिडलीस तर बीएचा कागद फाडल्यासारखं करायचीस. ते बघून मी हसायचो, तेव्हा तुझे डोळेही हसायचे.

मी तुला ती एक गोष्ट विचारली नाही. तुझी राख कुठे? जित्या माणसाला हे कसं विचारायचं? विचारलं असतं तर आशा सोडली असं तुला वाटलं असतं. म्हणून नाही विचारलं.

पण तू काहीतरी सांगितलंस. शेवटच्या दिवसांत निर्मला बसली होती, मी बसलो होतो. तू हात उचललास आणि गोल फिरवून फेकल्यासारखा केलास. जाळं टाकतात तसा. पुन्हा केलास. मी विचारलं, जाळं पाह्यजे? तू डोळे मिटलेस. निर्मलाला वाटतं की तू पोरींना जाळं टाकायला शिकवा म्हणत होतीस. मला वाटतं तू म्हणत होतीस, मले डोहात टाक. सगळ्यांना मना करून स्वतःसाठी तेच मागत होतीस का? की मागायचं म्हणून न मागता नुसती नदी आठवत होतीस? मला आता कधीच कळणार नाही. या लिखाणात बाकी सगळं आहे, ते एक नाही.

तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी राख सावडली. त्याच लोट्यात भरली ज्यात माय नेली होती. लोटा डोहाकाठच्या कहूला टांगला आणि मी खाली बसलो. काठावर लोक आले होते. दुःखाने आले होते, खोटं बोलणार नाही. पण बघायलाही आले होते. शेवंताची राख डोहात गेली की नियम गेला, हे सगळ्यांना ठाऊक होतं. दोन घरांत म्हातारी माणसं अंथरुणाला खिळलेली होती. त्यांची माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती, मी परवानगी देणारा असल्यासारखी.

तुळशीराम भाऊ आले. खांद्यावर हात ठेवला. "माह्या धुऱ्यावर टाक. मी नाई म्हननार नाई."

माणूस चांगला आहे. पण मी नाही म्हणालो. "भाऊ, आज तुमी माह्या बाईले जागा देसान. उद्या ढिवरमोहल्ल्यात कोणी मेलं तर तेही तुमच्या दारात लोटा घेऊन येईन का?" त्यांनी हात काढला. त्यांना लागलं. लागायलाच पाहिजे होतं.

मी लोटा तिथेच ठेवून सरपंचांना सांगितलं, ग्रामसभा बोलवा. नाहीतर मी डोहात टाकतो आणि नियम बुडाला तर तो माझ्या हाताने बुडाला असं लिहून घ्या. मी दम दिला, बाई. तुझ्याच नदीचा दम दिला. तुला आवडलं असतं की नाही ठाऊक नाही, पण तुला चहा पाजून दोनदा गप्प बसवलं होतं त्यांनी.

ग्रामसभा झाली. लोटा कहूला टांगलेलाच होता, आणि येताजाता प्रत्येकाला दिसत होता. कोणी म्हणालं, वैनगंगेला न्या. तेव्हा मी वैनगंगेवर तुला विचारलेला प्रश्न सगळ्या गावाला विचारला. आपली नदी शेवटी कुठी जाते?  मग निर्मला उठली. ती एरवी कमी बोलते. म्हणाली, "ह्या गावाच्या मेलेल्यायच्या वाकळा आमी काढल्या. पोटाशी धरून काढल्या. तिच्या राखेले तुमच्याजवळ हातभर जागा नसन तर सांगा, मी उद्यापासून एक एक वाकळ परत नेऊन टाकतो."

वाकळा तर केव्हाच जळल्या होत्या. तरी कोणाला हसू आलं नाही.

आखराच्या कडेला, जिथे सकाळी गावची गुरं जमतात त्याच्या वरच्या अंगाला, पुराचं पाणी पोचत नाही अशी जागा ठरली. ठराव झाला. तुझी राख मी तिथे टाकली. खणून टाकली, वर माती लोटली. तिथून डोह दिसतो, पण वाकून बघावं लागतं. तुझा हात फेकल्यासारखा फिरला होता तो मला त्या वेळी दिसत होता, आणि तरी मी माती लोटली.

तुझी वाकळ, म्हणजे मायची वाकळ, माझ्या घरी आहे. उकळली, वाळवली. मी ती अजून पांघरलेली नाही. पांघरेन असंही म्हणत नाही. एका कोपऱ्याला तुझी जांभळी साडी जोडलेली आहे, तू कधी जोडलीस ते मला माहीत नाही. त्या कोपऱ्याला अजून खर्ऱ्याचा वास आहे. उकळूनही गेला नाही.

तू गेलीस आणि घरात माझ्याशी भांडणारं कोणी नाही. तू राहिली असतीस तर त्या जागेवरूनही भांडली असतीस, उतारावर हाय, माती वाहून जाईन म्हणाली असतीस. तुझ्या ताटातल्या लगद्याने मी शिकलो. त्याचे आभार मी कधी मानले नाहीत, आपल्या घरात मानत नसत. आता मानतो.

तू गेल्यावर त्या दोन घरांतलं एक म्हातारं माणूस गेलं. त्यांनाही शेत नाही. त्याच्या मुलाने राख आखराच्या जागेत टाकली, तुझ्या बाजूला. वाकळ उकळायला निर्मलाकडून गंज नेला.

या मे महिन्यात कहूडोह आटला नाही. डोहात आता कोणाचीही वाकळ नाही. आणि गावात ज्याच्या नावावर शेत नाही, त्याच्याही राखेला जागा आहे.